जुगे नदीचा सीमादगड

१

दगड गेला होता.

काल दुपारी जीप पुलाकडे वळताना यमकला घर्तीने तो लांबून पाहिला होता. जुगे नदीच्या वाळवंटात, वीजघराच्या कुंपणाला लागून, कंबरेएवढा, काळसर, एकटा. आज सकाळी त्या जागी नुसता खड्डा होता, आणि खड्ड्याच्या दोन अंगांना दोन गावं उभी राहून एकमेकांच्या पिढ्यांचा उद्धार करत होती.

"सिमखेतच्यांनीच नेला! हरणार हे कळलं ना त्यांना!"

"आम्ही कशाला नेऊ? तुमचा दगड, तुम्हीच खाल्ला असेल. एवढी वर्षं फुकटचं खायची सवयच लागलीय!"

एवढ्याशा दगडासाठी एवढा कालवा कशाला, असं परक्याला वाटलं असतं. यमकला परकी नव्हती. काठमांडूच्या वाटप आयोगात तिची उभी नोकरी असल्याच भांडणांत गेली होती. वीजघर जो कर भरतं त्यातला निम्मा केंद्राचा; उरलेला ज्या प्रांतात आणि ज्या गावपालिकेत वीजघर असेल त्यांचा. कायदा इतका सोपा. पण इथे दोन प्रांतांची शीव म्हणजे जुगे नदीची जुनी धार, आणि महापुरात नदीनेच जागा बदललेली. आता ती वीजघराच्या पश्चिमेने वाहायची. म्हणजे डोळ्यांना वीजघर पूर्वेच्या सिमखेतचं दिसे. पण चंद्रसूर्य कोरलेला तो राजेशाहीतला दगड वीजघराच्याही पूर्वेला उभा होता. जुनी धार तिथून जायची, असं तो दगड सांगे, आणि त्याच्या शब्दावर सगळा हिस्सा वर्षानुवर्षं पश्चिमेच्या रातामाट्याला मिळत आला होता.

उद्या सुनावणी होती. दगड तपासायला काठमांडूहून एक जाणकार निघाला होता. दरड कोसळल्यामुळे तो वाटेत अडकला होता एवढंच.

"हजूर, चोर सापडला," मागून इन्स्पेक्टर कर्णध्वज बोहरा म्हणाला. भरदार मिशा, इस्त्रीचा गणवेश आणि शंकेला जागा नसलेला आवाज. "सिमखेतचा मनहर शाही. गेल्या महिन्यात भर बाजारात म्हणाला होता, 'तो दगड उपटून नदीत फेकतो की नाही बघा.' काल तुमच्या स्वागताला सगळी पंचक्रोशी रातामाट्याच्या शाळेत होती. फक्त हाच तिथे नव्हता. कुठे होतास विचारलं तर तोंड उघडत नाही. आत टाकलाय."

"एकट्याने उपटला म्हणता?"

"चार गडी बरोबर असतील. तेही मिळतील."

यमकला खड्ड्याशी वाकली. पदर खोचून तिने हात आत घातला, आणि क्षणभर तशीच थांबली. मग तिने भोवतालची सिस्नूची झुडपं पाहिली. हात लागला तर अंगाची आग करणारी ती झुडपं पायवाटेच्या दोन्ही बाजूंनी ताठ उभी होती. एकही फांदी मोडलेली नव्हती.

"बोहराजी," ती हात झटकत म्हणाली, "चार गडी एवढा धोंडा घेऊन या झुडपांतून गेले, आणि एक पान चुरगळलं नाही?"

बोहराने मिशीवर हात फिरवला. 

२

रातामाटा गावपालिकेच्या अध्यक्षा जलमती रोकाया कालपासून यमकलाच्या पाठीला सावलीसारख्या होत्या. ठसठशीत बाई, कानात सोन्याच्या मोठ्या गोल बाळ्या, आणि बोलण्याचा ओघ जुगेसारखा.

"दिदी, आधी चहा. उपाशीपोटी चौकशी करू नये, माथं फिरतं. कालचं स्वागत आवडलं ना?"

"माझी मान अजून दुखतेय. किती हार घातलेत!"

"आमच्या बायकांचा उत्साह हो! प्रत्येकीला स्वतःच्या हाताने घालायचा होता."

खरंच प्रत्येकीने घातला होता. सनई-नगाऱ्यांचा पंचेबाजा वाजला, मुली नाचल्या, पुन्हा पंचेबाजा वाजला. जलमतीने भाषण केलं आणि संपवलं असं वाटेपर्यंत पुन्हा सुरू केलं. जीप वाळवंटापाशी आली तेव्हा यमकला म्हणाली होती, 'उतरून दगड बघून घेऊ,' तर जलमतीने हात धरून सांगितलं होतं, 'आधी स्वागत, दिदी. दगड कुठे पळून जातोय?'

"पळाला की हो तुमचा दगड," यमकला चहाचा पेला हातात घेत म्हणाली.

जलमतीचा चेहरा पडला; पण पडायला किंचित उशीर लागला, हे यमकलाच्या नजरेतून सुटलं नाही.

"दगड गेला तरी खरं जात नाही. इतकी वर्षं हिस्सा आमच्याकडे आहे. तो तसाच राहू द्यावा, एवढंच आमचं मागणं. आणि चोर तर सापडलाच आहे."

"सापडलाय का?"

"बोहराजी म्हणतात तसं." जलमतीने नजर पेल्यात बुडवली. "मनहरचं तोंड फार चालतं. एखाददुसरा दिवस आत बसला तर मरत नाही."

३

चौकीतल्या खोलीत मनहर शाही भिंतीला टेकून बसला होता. तिशीतला, उंच, डोळे तांबारलेले. सिमखेतचा उपाध्यक्ष आणि आसपासच्या सगळ्या सभांमधला सगळ्यांत मोठा आवाज. आज मात्र आवाज नव्हता.

"काल दुपारी कुठे होतात?"

"सांगणार नाही."

"दगड तुम्ही नेलात?"

"नेला असता तर चौकात ठेवून वर उभा राहिलो असतो, मॅडम. लपवाछपवी करणारा माणूस नाही मी."

"पण लपवताय."

 यमकलाने ओणवं होऊन त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला, आणि तिला वास आला. ओवा. तुपात परतलेल्या ओव्याचा, मोहरीच्या तेलात मिसळलेला दाट वास त्याच्या बाहीला, छातीला चिकटला होता. बाळंतिणीच्या खोलीतला हा वास कुठल्याही बाईने मिटल्या डोळ्यांनी ओळखला असता.

ती बाहेर आली. "बोहराजी, या माणसाची बायको कुठे आहे?"

"घरी असेल. दिवस भरत आलेत म्हणे तिचे."

"सिमखेतच्या बायका बाळंतपणाला जातात कुठे?"

"सदरात, म्हणजे जिल्ह्याच्या गावी. जीपने दिवस मोडतो. पूर्वी पूल ओलांडून रातामाट्याच्या प्रसूतिगृहात जायच्या. पण मनहरनेच शपथ घातलीय ना गावाला! 'आपल्या हिश्श्यावर उभ्या राहिलेल्या त्या घरात सिमखेतच्या कुणी पाऊल टाकायचं नाही. त्यांचं पाणीसुद्धा पिऊ नका.' तीन घरांनी ऐकलं. सुनांना खड्ड्यांतून सदरात नेलं."

"मग चला पलीकडे," यमकला म्हणाली. "तुमच्या चोराचा माल बघून येऊ."

४

रातामाट्याचं प्रसूतिगृह टेकडीच्या अंगावर होतं. पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे, छपरावर सौरविजेची तावदानं. आतल्या कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण बाई निजली होती आणि तिच्या कुशीत गाठोड्याएवढं काहीतरी लालभडक हलत होतं.

"शाहीबाई?" यमकलाने विचारलं.

तिने घाबरून नर्सकडे पाहिलं. सुजाता बुढाथोकी नावाची ती नर्स कमरेवर हात ठेवून मध्ये उभी राहिली.

"बाळंतिणीला चौकशी नको. मला विचारा."

"काल हिला कोण घेऊन आलं?"

"नवरा. गाव सगळं शाळेत नाचत होतं तेव्हा पाठीवर घेऊन आला. तोंडावर पंचा बांधून! मी म्हटलं, 'शाहीदाजू, पंचा काढा, बाळाला बाप दिसू दे.' रडत होता माणूस. अंधार पडेपर्यंत इथेच होता. ओव्याचा रस त्यानेच ढवळला, आणि निम्मा अंगावर सांडला."

बोहराने टोपी काढून हातात घेतली.

"हे आणखी कुणाला ठाऊक आहे?" यमकलाने विचारलं.

"अध्यक्षांना. संध्याकाळी फेरी असते त्यांची. बाळाच्या हातात पैसे ठेवून गेल्या. मनहरला म्हणाल्या, 'कुणाला सांगत नाही, घाबरू नकोस.'"

खाटेवरची बाई पहिल्यांदाच बोलली. "त्यांना सोडा हो. मीच हट्ट धरला होता. सदराच्या वाटेवर माझी नणंद गेली. मला जगायचं होतं."

बाहेर आल्यावर बोहराने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "म्हणजे जलमतीबाईंना सकाळपासून ठाऊक होतं, की मी चुकीचा माणूस धरलाय. आणि समोर उभ्या राहून बघत होत्या."

"सोडा त्याला. पण एकदम नाही. दगड नेणाऱ्याला वाटू दे, की अजून आपल्या जागी दुसराच आत आहे. असल्या माणसाला ते फार वेळ सोसत नसतं."

"असल्या म्हणजे कसल्या?"

"ते कळायला मला एका मोठ्या जात्याची पूजा बघायचीय," यमकला म्हणाली, आणि वीजघराच्या वाटेला लागली.

५

वीजघराचा व्यवस्थापक बिपुल तुलाधर काठमांडूचा. चष्मा, पोटावर घट्ट बसलेला स्वेटर आणि कायम कंटाळलेला चेहरा.

"मीही स्वागतातून उठलो होतो, हे कुणीतरी सांगितलंच असेल," तो स्वतःहून म्हणाला. "भाषणं ऐकली की मला अर्धशिशी उठते. येऊन झोपलो. साक्षीदार नाही. मजूर, सब्बल, गाडी, सगळं माझ्याकडे आहे. धरा मला."

"दगड गेल्याने तुमचा फायदा काय?"

"शून्य. कर मी भरतोच. तो पूर्वेला जातो की पश्चिमेला, मला काय? मला फक्त कुणीतरी एकाने रस्ता दुरुस्त करावा."

यमकला यंत्राच्या दालनात शिरली. भल्यामोठ्या चक्राच्या लोखंडी पाठीवर शेंदराचे जाड थर होते. तांदूळ, वाळलेला झेंडू, लाल फडकं.

"हे कोण करतं?"

"रातामाट्याच्या बायका. दर दसऱ्याला. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. पुलाच्या खांबाला टिळा, माझ्या जीपला टिळा, मैलाच्या दगडालासुद्धा. यांचा हात शेंदराला आवरत नाही."

"आणि वाळवंटातल्या दगडाला?"

तुलाधर बोलायला गेला आणि थांबला. त्याने कचेरीच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे वीजघराच्या गेल्या वर्धापनदिनाचा मोठा फोटो टांगला होता: पाहुणे, नारळ, आणि मधोमध दगड. वर चंद्र, शेजारी सूर्य, खाली जुन्या वळणाची दोन ओळींची अक्षरं. कोराकरकरीत. शेंदराचा ठिपका नाही, तांदळाचा दाणा नाही.

"गंमत आहे," तो पुटपुटला. "चंद्रसूर्याचा दगड, आणि पूजा नाही."

"माझ्या गावात देवळाच्या पायरीवरचा धोंडासुद्धा दुसऱ्या वर्षी देव होतो," यमकला म्हणाली. "ज्या गावाने मैलाचा दगड सोडला नाही, त्याने चंद्रसूर्य कसा सोडला? एकच कारण असतं, तुलाधरजी. आपण स्वतः कालवलेल्या पिठाला कुणी देव म्हणून हात जोडत नाही. तुमच्या कोठारातून कधी काही गेलं होतं?"

"प्रांत झाले त्या वर्षी... हो. सिमेंटच्या गोण्या. आणि तारेच्या जाळीचं भेंडोळं. चोर मिळाला नाही." तो हळूच खुर्चीत बसला. "म्हणजे तो दगड..."

"खड्डा वीतभरच खोल होता. एवढा उंच धोंडा वीतभर जमिनीत उभा राहत नाही, कलंडतो. पण पोकळ, हलका असेल तर राहतो. चार गडी नव्हते. एक माणूस पुरे. झुडपांना धक्का न लावता, पोराला कडेवर घ्यावं तसा घेऊन गेला असेल."

यमकला फोटोजवळ गेली. सूर्याला डोळे होते, नाक होतं, आणि खाली झुपकेदार, दोन्ही टोकांना वर वळलेल्या मिशा. असल्या मिशांचा सूर्य तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. पण असल्या मिशा मात्र पाहिल्या होत्या. काल दुपारीच, हारांच्या ढिगाखाली मान वाकवून बसली असताना, बरोबर समोर.

६

शाळेच्या अंगणात पाण्याच्या नळावर सिमेंटचा सिंह बसवला होता. तोंडातून पाणी, कपाळ कोरं, आणि ओठांवर झुपकेदार, टोकांना वर वळलेल्या मिशा.

"सुंदर आहे," यमकला म्हणाली. "कुणी केला?"

नळाशेजारी बाकावर एक म्हातारा बसला होता. पद्मराज उपाध्याय. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी दोन्ही काठ त्याला हेडसरच म्हणत, कारण दोन्ही काठांची मुळाक्षरं त्याच्याच हाताखाली घोटली गेली होती. त्याच्या उजव्या हाताला चिंधी बांधलेली होती.

"मीच. हौस आहे. पोरांना मिशा आवडतात."

"काल स्वागताचं भाषण तुमचं होतं ना? तुमची खुर्ची रिकामीच राहिली."

"पोट बिघडलं होतं."

"आणि हात?"

हेडसरांनी चिंधीकडे पाहिलं. जलमती शाळेच्या दारातून लगबगीने येत होती. "हेडसर, तुम्ही आत जा, तुम्हाला बरं नाही. दिदी, म्हातारा माणूस आहे..."

"बसा, जलमतीबाई," यमकला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण जलमती बसली. "काल तुम्ही मला किती वेळ बसवून ठेवलंत, ते आत्ता कळलं. एकेक हार, एकेक नाच. भाषण संपून पुन्हा सुरू. मला वाटलं प्रेम आहे. प्रेम नव्हतं ते, पहारा होता. जाणकार पोहोचण्याआधी दगड नाहीसा व्हायला हवा होता, म्हणून सगळं गाव इथे, आणि वाळवंट मोकळं. साक्षीदार म्हणून तुम्ही आयोगालाच बसवलंत. हिंमत आहे बाई तुमची!"

"पुरावा काय?" जलमती म्हणाली.

"वीजघराच्या काठाला पुरापासून जाळीत दगड भरून बांध घातलाय. नदीतले दगड गोटे असतात, गुळगुळीत. येताना मी बोहराजींना तिथे उतरवलं. म्हटलं, गोट्यांत कुठे धारदार कोपऱ्याचा तुकडा दिसतो का बघा."

तेवढ्यात बोहरा फाटकातून आला. त्याच्या रुमालात मूठभर राखाडी तुकडे होते. एकातून गंजलेली तार बाहेर आली होती. दुसऱ्यावर अर्धी मिशी होती.

 सिंहाच्या तोंडातून पाणी पडत राहिलं.

"मनहरला सोडलं का?" हेडसरांनी विचारलं.

"नाही," यमकला म्हणाली.

म्हातारा उठून उभा राहिला. "तर मग चला. मी जातो आत. तो माझा विद्यार्थी आहे. सकाळपासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली. मी हिला म्हणत होतो, सांगू या. ही म्हणते, सुनावणी होऊ दे."

"हेडसर!" जलमतीचा आवाज फुटला.

"राहू दे, पोरी. खोटं पाठ करून घेतलं की पोरंही कधीतरी मध्येच विसरतात." ते यमकलाकडे वळले. "प्रांत झाले त्या साली माझी सून अडली होती. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या. डोकोत, पाठीवरच्या टोपलीत घालून पूल ओलांडला. पलीकडे सिमखेतला नवीकोरी रुग्णवाहिका उभी होती. चालक भला पोरगा होता, रडकुंडीला आला होता. पण म्हणाला, 'हेडसर, गाडी आमच्या प्रांताची, तेल आमच्या प्रांताचं. शिवेपलीकडचा रोगी घेतला तर नोकरी जाईल. वरून हुकूम आलाय.' कालपरवापर्यंत एकच देश होता हो बाई. रातोरात पेट्रोलला प्रांत आला. सून गेली. पोटातलंही गेलं."

जलमतीने डोळ्यांना पदर लावला. हेडसरांची सून तिची जिवलग मैत्रीण होती, हे पुढे कळलं.

"मग तुम्ही दगड केलात."

"मी साचा केला. वाळू सगळ्या गावाने आणली. त्या हिश्श्यातून ते निळ्या दारांचं घर उभं राहिलं. तिथे आजपर्यंत एकही बाई दगावलेली नाही. मला पश्चात्ताप आहे असं मी म्हणणार नाही. तो मनहरबद्दल आहे."

"जुनी धार खरंच कुठून जायची?" यमकलाने विचारलं. "तुम्हाला ठाऊक असणार."

हेडसरांनी चिंधी बांधलेला हात नदीकडे केला. "वीजघराच्या पोटातून. आत्ता यंत्र बसलंय तिथून. अर्धं त्यांचं, अर्धं आमचं."

"म्हणजे अर्धा हिस्सा न मागताही तुमचाच होता!"

"अर्ध्यात दवाखाना उभा राहत नव्हता, बाई."

 आयोगाच्या दालनात सूत्रं असत: लोकसंख्या, क्षेत्रफळ, गरज. त्या सूत्रांत डोकोतली ही सून बसत नव्हती. पण मनहरची बायकोही बसत नव्हती, आणि जिला सदराच्या वाटेवर मरण आलं ती नणंदही. एका काठाने दुसऱ्याचं अर्धं उचललं होतं, म्हणून तिकडे घर उभं राहिलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

"उद्या सुनावणी दहाला," ती म्हणाली. "हेडसर, तुम्ही हे सगळ्यांसमोर सांगायचं. जलमतीबाई, तुम्हीही."

"आणि मग गाव पेटलं तर?" जलमतीने विचारलं.

"तर विझवायला तुमची ती नदी आहे. दोघांची."

७

सुनावणी पुलाच्या पूर्वेच्या टोकाला, वडाखालच्या पारावर झाली. दोन्ही गावं आली होती. हेडसर उभे राहिले आणि पाढे म्हणावेत तशा सपाट आवाजात सगळं बोलले. ते बसेपर्यंत सिमखेतच्या बाजूने दगड उचलले गेले होते.

"चोर! इतक्या वर्षांचं व्याजासकट परत द्या!"

"म्हातारा आहे म्हणून सोडायचं का?"

मनहर शाही पाराच्या कडेला उभा होता. सकाळीच सुटला होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. हा आता आग लावणार, हे ठरलेलंच होतं. त्याने हात वर केला.

"आधी माझं ऐका. मी कुठे होतो, ते मी पोलिसांना सांगितलं नाही, कारण तुम्हाला सांगायची लाज वाटत होती. मी रातामाट्याच्या प्रसूतिगृहात होतो. तुम्हाला शपथ घातली, आणि स्वतःची बायको तोंड बांधून तिथे नेली. मुलगी झालीय. तुमच्या सुनांना मी खड्ड्यांतून पाठवलं. काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

पहिल्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या सासूने खरंच दिल्या, आणि त्या दमदार होत्या. मग तिने विचारलं, "पोरगी बरी आहे ना रे?"

"बरी आहे, काकी."

उचललेले दगड एकेक करून खाली आले.

यमकलाने निर्णय सांगितला. दगड खोटा. शीव वीजघरातून जाते, म्हणून हिस्सा इथून पुढे निम्मानिम्मा. मागचं काय, ते न्यायालय ठरवेल. हेडसरांवर रीतसर खटला होईल आणि ते स्वतः बोहराजींबरोबर जातील. जलमतीने निर्दोष माणूस आत असताना तोंड मिटलं, हेही अहवालात जाईल. जलमतीने मान हलवली. तिने काही मागितलं नाही.

"हिस्सा निम्मा झाल्यावर ते घर चालेल का?" नर्स सुजाताने मागून विचारलं.

"एकट्या रातामाट्याच्या पैशांत नाही चालणार," यमकला म्हणाली. "दोघांच्या चालेल."

"मग तसं लिहा ना, मॅडम!" मनहर पुढे आला. "आमचा निम्मा आम्हाला हवाच, तो सोडणार नाही. पण त्यातला काही त्या घराला. आणि त्याच्याआधी एक लिहा. शिवेपलीकडचा म्हणून कुठलाही रोगी कुठलीच गाडी नाकारणार नाही. हे पहिल्या ओळीत."

"मला नाही लिहिता येणार."

"का?"

"आयोग वाटणी करतो, शाहीजी. खर्च कशावर करायचा ते सांगायचा अधिकार मला नाही, आणि काठमांडूलाही नाही. तो तुमचा. प्रांत त्यासाठीच तर केले. तुम्ही दोघे बसा, ठरवा, मग तुमच्या प्रांतांना त्याच्यावर सह्या करायला लावा."

मनहरने जलमतीकडे पाहिलं. जलमतीने मनहरकडे.

"गाडी आमची राहील," मनहर म्हणाला. "तेल तुम्ही घाला."

"वा रे वा! गाडी जुनी खटारा, आणि तेल आम्ही घालायचं?"

"खटारा? चाकं नवी आहेत!"

"चाकं नवी, चालक कुठाय? मागचा पळून गेला. पगार कोण देणार?"

"निम्मा निम्मा!"

"आणि पावसाळ्यात दरडीखालचा रस्ता कोण उकरणार? तोही निम्मा?"

बोहराने हळूच विचारलं, "हजूर, मध्ये पडू का? हातघाईवर येतील."

यमकलाने पाराच्या कडेला बसून चहा मागवला. समोर चटईवर ती दोघं गुडघ्याला गुडघा लावून भांडत होती. आवाज चढत होते, बोटं नाचत होती, आणि कुणीही उठून जात नव्हतं.

"पडू नका," ती म्हणाली. "सरकार सुरू झालंय."